चाहत्याचा त्रागा

संघ हरला की फुटबॉलचा चाहता त्रागा करतो, आणि लोक त्याला अविचारी ठरवितात. परंतु या त्राग्यालाही तर्क असतो. तो आपण समजून घेतला पाहिजे.

१९५६ साली मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये भारताने ऑस्ट्रेलियाला ४-२ असे नमविले. मूळचे गोव्याचे नि मुंबईत खेळणारे नेव्हिल डिसूझा यांनी त्यांत तीन गोल केले. १९६२ साली जकार्ता येथे आपले बचावपटू जर्नेलसिंग यांच्या डोक्याला दुखापत झाली, तेव्हा प्रशिक्षक रहीमसाहेबांनी त्यांना चक्क आघाडीवर आणले. अंतिम सामन्यात गोल करून जर्नेलसिंगांनी तो विश्वास सार्थ केला. दक्षिण कोरिया २-१ ने हरला आणि आशियाई सुवर्णपदक आपले झाले.

आता जानेवारी २०२४ मधील कतारची आशियाई चषकस्पर्धा पाहा. ऑस्ट्रेलियाशी ०-२, उझबेकिस्तानशी ०-३, सीरियाशी ०-१. सहा गोल आपल्यावर चढले. आपला एकही नाही. गोलची सारी भिस्त एकोणचाळीस वर्षांच्या सुनील छेत्रीवर! याचे एक कारण उघड आहे. देशातील साखळी स्पर्धेत संघ आघाडीची जागा बहुधा परदेशी खेळाडूला देतात. मग गोल करण्याची सवय आपल्या मुलांना लागावी कोठे?

बलाढ्य संघाकडून हरण्यात आम्हांला लाज वाटत नाही. मात्र मैदानावर काही योजना दिसावी, एवढीच आमची मागणी असते. आमचा त्रागा हा त्या मागणीचाच चढलेला सूर होय. ज्या दिवशी आम्ही गप्प बसू, त्या दिवशी संघाने खरी काळजी करावी.