लुटुपुटीच्या लढाईचे खरे सेनापती

बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यात, गोदावरीच्या काठी राक्षसभुवन आहे. शनिदर्शनाला जाणारे पुष्कळ. पण १० ऑगस्ट १७६३ रोजी तेथे काय घडले, हे त्यांतल्या किती जणांना ठाऊक असेल? निजामाचे निम्मे सैन्य खुद्द निजामासह नदीपार झाले होते. उरलेले, दिवाण विठ्ठल सुंदर याच्या हाताखाली, अलीकडेच राहिले. ऐन पावसाळ्याचे दिवस! अवघ्या अठरा वर्षांच्या माधवराव पेशव्यांनी हीच वेळ साधली. विठ्ठल सुंदर पडला, आणि मधल्या पाण्यामुळे निजामाला त्याच्या मदतीस जाता आले नाही.

आदल्या रात्री कोणी परातीत वाळू पसरून ही लढाई मांडून पाहिली असती तर? वाचकहो, हे मी गंमत म्हणून विचारीत नाही. असे मांडून पाहणे हा आज एक प्रतिष्ठेचा व्यवसाय आहे. त्याला सिम्युलेशन म्हणतात. आपण आपली लुटुपुटीची लढाई म्हणू.

प्रशियाचे अधिकारी १८२४ सालीच नकाशावर ठोकळे सरकवून असल्या लढाया खेळू लागले होते. पुढे १९२९ च्या सुमारास एडविन लिंक या अमेरिकन तरुणाने जमिनीवरच डुलणारे खोटे विमान बनवले. वडिलांचा कारखाना पियानो-ऑर्गनचा. म्हणून त्याने ऑर्गनचेच भाते त्याला जोडले. आपल्या बाजाच्या पेटीचे हे भावंड वैमानिक घडवू लागले!

आता भात्याची जागा संगणकाने घेतली आहे. आपल्याकडे दिल्लीत डी.आर.डी.ओ.ची एक संस्था असे युद्धखेळ रचते. अंबाजोगाईच्या इंजिनियरिंग कॉलेजातल्या मुलालाही ही वाट बंद नाही. गणित मात्र पक्के हवे. पुण्याजवळ गिरिनगरला संरक्षण तंत्रज्ञानाचे उच्च शिक्षण मिळते, डी.आर.डी.ओ.त शास्त्रज्ञ ‘बी’ म्हणून प्रवेश होतो आणि पायरी-पायरीने प्रयोगशाळेच्या संचालकपदापर्यंत जाता येते. आईने धास्तावू नये. मुलाच्या हाती बंदूक येत नाही, समीकरणे येतात.

पण वरच्या खुर्चीत बसणाऱ्याला गणिताहून अवघड एक गोष्ट जमावी लागते. मे १९४२ मध्ये जपानी आरमाराने मिडवेच्या मोहिमेची रंगीत तालीम केली. पंचाने निकाल दिला: आपली दोन विमानवाहू जहाजे बुडाली. ॲडमिरल उगाकींनी तो निकालच फिरवला. बुडालेले जहाज पुन्हा तरंगू लागले! जूनमध्ये खऱ्या समुद्रात चार विमानवाहू जहाजे गेली, ती कोणाच्या हुकुमाने वर आली नाहीत. सरसेनापतीच्या तोंडावर “साहेब, आपण हरलात” असे म्हणून त्यावर ठाम राहणारा माणूस पगार वाढवून मिळत नाही, हे आमचे मत.

असो. १७ सप्टेंबर २०२५ पासून बीडहून नगरला (आता अहिल्यानगर) आगगाडी सुरू झाली. दिवाळीच्या सुट्टीत मुलांना तिथले रणगाड्यांचे संग्रहालय जरूर दाखवा. चालकाला बाहेरचे पाहायला ठेवलेली फट केवढीशी असते, ते त्यांना बघू द्या. त्या फटीतून वाट काढण्याचा सराव आज जवान आधी पडद्यासमोर बसून करतात. तिथे खड्ड्यात गेला तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करता येते.