सायकलचा हेडसेट घेताना : आधी माप, मग भाव



हेडसेट म्हटलं की पोरं मोबाइलचा कानात घालायचा समजतात. आपण बोलतोय सायकलच्या हेडसेटबद्दल, म्हणजे हँडलखालचे कप, कोन आणि छर्रे. जुनी फ्रेम घेऊन, एकेक पार्ट जमवून सायकल बांधणारे आपल्यात बरेच आहेत. फ्रेम, रिम, टायर यावर सगळे नीट विचार करतात आणि हेडसेटला मात्र "लावा कुठलाही" म्हणतात. म्हणून हे थोडं सविस्तर लिहीत आहोत.

मागच्या कॅरिअरवर मासळीचा डबा आणि बर्फ, आणि विजयनगरकडून गीताभवनकडे निघालो की पलासिया चौकापर्यंत दर थोड्या अंतरावर ब्रेक. प्रत्येक ब्रेकला मागचं वजन पुढे ढकललं जातं आणि ते सगळं चिमट्यातून खालच्या कपावर येतं. तो कप ढिला किंवा खड्डे पडलेला असेल तर हँडल नेमकं गर्दीत हवं तसं वळत नाही. समोर बस असताना ही गोष्ट साधी राहत नाही.

हेडसेट काय काम करतो

फ्रेमच्या पुढच्या उभ्या नळीला हेडपाइप म्हणतात. तिच्यातून चिमट्याची दांडी वर जाते. दांडी फिरली पाहिजे पण हलता कामा नये, एवढंच हेडसेटचं काम. वर एक बेअरिंग, खाली एक बेअरिंग. वरचं मुख्यतः तोल धरतं. खालचं वजन, खड्ड्यांचे दणके आणि पुढच्या चाकाने उडवलेला चिखल, सगळं झेलतं. त्यामुळे खालचं नेहमी आधी जातं. पैसा कमी असेल तर खालची बाजू चांगली घ्या, वरची साधी चालेल.

बिघाड कसा होतो तेही समजून घ्या. सरळ रस्त्यावर हँडल फारसं वळत नाही. छर्रे त्याच जागी किंचित घासत राहतात, तिथलं ग्रीस बाजूला सरकतं, आणि दणके बसून पट्टीवर बारीक खड्डे पडतात. मग हँडल बरोबर मधोमध आल्यावर "टक" करून अडकतं. हे जाणवलं की नुसतं ग्रीस भरून उपयोग नाही, पट्टीच खराब झालेली असते.

दुकानात जाण्याआधी माप

भाव विचारण्याआधी कॅलिपर घेऊन मापं लिहून काढा. कॅलिपर नसेल तर जुना चिमटा आणि जुने कप पिशवीत घालून सोबत न्या. पाहायच्या गोष्टी चार.

१. दांडीची जाडी. काळ्या मोठ्या सायकलींची दांडी १ इंची, म्हणजे २५.४ मिमी. गिअरच्या, डोंगरी धाटणीच्या सायकलींना बहुतेक १ इंच १ सूत, म्हणजे २८.६ मिमी. काही नव्या चिमट्यांची दांडी खाली जाड होत जाते, साधारण दीड इंचापर्यंत. अशा चिमट्याला खालचं बेअरिंग वेगळं आणि मोठं लागतं.

२. दांडीला वर आटे आहेत का. आटे असतील तर वरचा कप फिरवून बसतो आणि त्यावर चेकनट. आटे नसतील तर हँडलचा स्टेम दांडीला बाहेरून आवळतो. ही दुसरी पद्धत १९९० च्या दशकात पसरली. दोन्हींचे हेडसेट एकमेकांना चालत नाहीत.

३. हेडपाइपचं भोक. १ इंची दांडीच्या सायकलीत कपाचं माप ३०.२ मिमी असतं, तर जपानी मापात ३०.० मिमी. दांडी १ इंच १ सूत असेल तर कप ३४ मिमी, किंवा रुंद हेडपाइपला ४४ मिमी.

४. चिमट्याच्या खांद्यावरची कडी. खरी फसगत इथे होते. १ इंची चिमट्यात ही जागा २६.४ मिमी असते किंवा २७.० मिमी. फरक फक्त ०.६ मिमीचा, डोळ्याला दिसत नाही. पण २६.४ ची कडी २७ च्या जागेवर चढणार नाही, जबरदस्तीने ठोकली तर तडकेल. आणि २७ ची कडी २६.४ वर सैल फिरेल. १ इंच १ सूतच्या चिमट्याला ही जागा ३० मिमी असते.

"सगळ्यांना एकच बसतो" असं सांगून कुणी देत असेल तर मोजून बघितल्याशिवाय घेऊ नका.

कुठला घ्यावा

मालवाहू काळी सायकल असेल तर साधा पोलादी कप-कोनवाला सेटच घ्या. स्वस्त आहे, लुधियानाचा माल गावोगावी मिळतो आणि कोपऱ्यावरचा मिस्त्रीही खोलून बसवू शकतो. ॲटलासचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० ला, नेमका जागतिक सायकल दिनी, बंद पडला. तरी जुन्या ॲटलास फ्रेमला घाबरायचं कारण नाही. हेडसेट कंपनीच्या नावावर नाही, मापावर बसतो.

घेताना पट्टी, म्हणजे छर्रे जिथे फिरतात तो गोल भाग, बोट फिरवून बघा. गुळगुळीत आणि एकसारखी हवी. पट्टीवरच चकाकी चढवलेली आणि ती सुटत असेल तर ठेवून द्या, ती पापुद्र्याने निघून छऱ्यांत अडकते. बाहेरची चमक बघून काही कळत नाही.

छर्रे पिंजऱ्यात येतात. पिंजऱ्यामुळे बसवायला सोपं, पण छर्रे कमी बसतात. वजन नेणाऱ्या सायकलीला पिंजरा काढून सुटे छर्रे भरणं चांगलं, कारण तेच वजन जास्त छऱ्यांवर वाटलं जातं. १ इंची हेडसेटला सहसा ५/३२ इंची, म्हणजे सुमारे ४ मिमीचे छर्रे लागतात. वर्तुळ भरून एका छऱ्याएवढी जागा मोकळी सोडा, ठासून भरू नका. जुने आणि नवे छर्रे एकत्र करू नका, सगळे एकाच पुडीतले घ्या. पिंजराच ठेवणार असाल तर बसवून फिरवून बघा. पत्रा घासल्याचा आवाज आला तर तो उलटा बसलाय.

गिअरच्या सायकलीला बंद बेअरिंगचा सेट परवडतो. सुरुवातीला महाग वाटेल, पण पुढे फक्त बेअरिंग बदलायचं, कप तेच राहतात. जुन्या बेअरिंगवर माप आणि कोन कोरलेले असतात, जसं ३६ आणि ४५ अंश. ते तसंच्या तसं वहीत उतरवून घ्या. कोन चुकला तर बेअरिंग बसल्यासारखं वाटतं आणि थोड्याच दिवसांत खडखडायला लागतं. नेको, व्हीपी ही तैवानची नावं मध्यम भावात मिळतात. केन क्रीक, क्रिस किंग हे फार चांगले, पण क्रिस किंगच्या पैशात आपली अख्खी सायकल उभी राहील. मासळीच्या फेरीला त्याची गरज नाही.

बसवताना

कपावर थेट हातोडी मारू नका, कप तिरका जातो आणि हेडपाइप अंडाकृती होते. मग फ्रेमच बाद. लांब आट्यांचा रॉड, दोन जाड वॉशर आणि दोन नट घेऊन कप हळूहळू सरळ दाबा. कप नुसत्या हाताने आत गेला तर हेडपाइप मोठी झाली आहे असं समजा. डब्याचा पत्रा गुंडाळून बसवतात, पण वजनाच्या सायकलीला तो भरवसा नको.

ग्रीस भरपूर लावा, बाहेर आलेलं पुसून टाका. आट्यांच्या हेडसेटला वरचा कप हाताने टेकेपर्यंत फिरवा, किंचित मागे घ्या, मग दोन पाने लावून चेकनट घट्ट करा. बिनआट्यांच्या हेडसेटला आधी स्टेमचे बाजूचे बोल्ट ढिले करा, वरचा बोल्ट हलकेच आवळून खेळ काढा, हँडल सरळ करा आणि शेवटी बाजूचे बोल्ट घट्ट करा. वरचा बोल्ट हँडल धरत नाही, तो फक्त खेळ काढतो. हे विसरून बाजूचे बोल्ट ढिले ठेवले तर हँडल वळेल आणि चाक सरळच जाईल.

तपासायला दोन गोष्टी. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवा, बोट खालच्या कपाच्या फटीवर ठेवा. टकटक लागली तर ढिलं आहे. मग पुढचं चाक उचला. हँडल आपल्या वजनाने दोन्ही बाजूंना मोकळं पडलं पाहिजे. अडकलं तर जास्त आवळलंय.

हँडल वर घेताना दांडीवर मर्यादेची रेघ असते, ती कधी बाहेर दिसू देऊ नका.

टिकवायचं कसं

नवा सेट आठवडाभर चालवला की कप नीट बसतात आणि थोडी ढिलाई येते, तेव्हा एकदा पुन्हा आवळा. पावसाळ्याआधी आणि पावसाळा संपल्यावर खोलून ग्रीस बदला. खालच्या कपावर जुन्या ट्यूबचा दोन बोटं रुंद गोल तुकडा चढवा, चिखल आत जात नाही आणि खर्च शून्य. चिमट्याला चाक लावण्याआधी तो वर सरकवून ठेवायचा. धुताना प्रेशरचं पाणी तिथे मारू नका. आणि मासळीची पिशवी हँडलला टांगायची सवय सोडा, वजन मागच्या कॅरिअरवरच हवं. टांगलेल्या पिशवीचं वजन थेट हँडलवर येतं आणि बर्फाचं पाणी ठिबकून हेडसेटवर जातं.

हँडल मधोमध अडकायला लागलं आणि हातात पैसे नसतील तर तात्पुरता उपाय आहे : पिंजरा काढून सुटे छर्रे भरा. त्यांचं अंतर वेगळं असल्याने सगळे एकदम खड्ड्यात बसत नाहीत. काही आठवडे निघतील. तेवढ्यात पैसे बाजूला काढून नवा सेट घ्या. फेरी बंद पडली तर एका दिवसाचं जे नुकसान होतं, त्यापेक्षा साधा पोलादी सेट स्वस्तच पडतो.