माहूरचा चढ, मे महिना आणि सोबतचा कुत्रा

‘नांदेडचा पारा ४३ अंशांवर’ अशी बातमी मे महिन्यात आपण वाचतो. हे ४३ अंश नेमके कुठले? वेधशाळेचा तापमापक झडपांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत, सावलीत, जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर असतो. म्हणजे हे आपल्या छातीजवळच्या हवेचे तापमान झाले. माहूरगडाच्या वाटेवर आपल्याबरोबर चालणारा कुत्रा मात्र या पेटीच्या पुष्कळ खालच्या जगात वावरत असतो.

माहूरचे डोंगर सागाचे. साग उन्हाळ्यात निष्पर्ण होतो. ज्या दिवसांत सावली हवी, नेमक्या त्याच दिवसांत ती नसते. ऊन थेट वाटेवरच्या काळ्या दगडावर पडते. काळा पृष्ठभाग बरेचसे प्रारण शोषून घेतो, त्यामुळे भर दुपारी असा दगड ६० अंशांच्या आसपास जातो. माणसाची कातडी एवढ्या तापमानाला काही सेकंदांतच भाजते. कुत्र्याच्या तळव्याच्या गाद्या जाड असल्या तरी ती कातडीच. आपल्या पायांत वहाणा असतात म्हणून हे आपल्या ध्यानात येत नाही, एवढेच.

आता शरीराच्या आतल्या उष्णतेचा हिशेब मांडू. २० किलो वजनाचा कुत्रा २०० मीटर चढला, तर गुरुत्वाविरुद्ध सुमारे ४० किलोज्यूल कार्य होते. स्नायू खर्च केलेल्या ऊर्जेपैकी जेमतेम पाव भागाचे असे कार्य करतात. उरलेली, म्हणजे सुमारे १२० किलोज्यूल, उष्णता बनते. ही सारी अंगातच राहिली तर तापमान पावणेदोन अंशांनी चढेल. कुत्र्याचे नेहमीचे तापमान ३८ ते ३९ अंश असते आणि ४१ च्या पुढे त्याच्या जिवाला धोका असतो. यात उन्हाची उष्णता अजून धरलेलीच नाही!

आणि हवा ४३ अंशांवर असेल तर वारा अंग थंड करण्याऐवजी तापवतो. मग बाष्पीभवन हाच एक मार्ग उरतो. आपल्यासारखा सर्वांगाला घाम कुत्र्याला येत नाही. तो येतो फक्त तळव्यांना. म्हणून तो धापा टाकतो आणि नाक, जीभ व तोंडातल्या ओलाव्याची वाफ करतो. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे २.४ किलोज्यूल उष्णता निघून जाते. म्हणजे वरच्या चढासाठी ५० ग्रॅम पाणी पुरेल. एवढेच ना, असे वाटेल. पण धापा टाकणे हेही स्नायूंचेच काम आहे, आणि चपट्या नाकाच्या पगला ते नीट साधतही नाही. लातूरकडचा सडपातळ, लांब नाकाचा कारवानी कुत्रा त्या मानाने बरा. पण तोही मालक चालतोय तोवर चालतच राहतो. थांबायचे ते आपणच ठरवावे लागते.

विद्यार्थ्यांकडून शाळेच्या आवारात एक प्रयोग जरूर करवून घ्यावा. काळा दगड, मुरूम, गवत आणि झाडाखालची माती यांवर तापमापकाचा फुगा ठेवून वर चिमूटभर कोरडी माती टाकावी. सकाळी सात, दुपारी एक आणि सायंकाळी पाच वाजता नोंदी घ्याव्यात. पाच वाजता हवा सुसह्य वाटू लागते तरी दगड बराच तापलेला आढळेल. म्हणून चढाईची वेळ पहाटेची, सायंकाळची नव्हे. नऊच्या आत खाली उतरलेले बरे. उतरताना सुट्या मुरमावर आणि वाळक्या सागपानांवर पाय घसरतो, तेव्हा कुत्र्याची दोरी कमरेला बांधू नये, हातात धरावी. वाटेत शंका आली तर हाताची मागची बाजू दगडावर सात सेकंद टेकवून पाहावी. टेकवत नसेल तर कुत्र्यालाही त्यावरून नेऊ नये.

जीभ रुंद होऊन लोंबू लागली, हिरड्या लालभडक झाल्या, चाल अडखळू लागली, तर लगेच सावली गाठावी. जवळचे पाणी सर्वांगावर ओतावे आणि वारा घालावा. ओले फडके गुंडाळून ठेवू नये, त्याने बाष्पीभवन अडते. बर्फ शोधत वेळ घालवू नये. आधी अंग थंड करावे, मग पशुवैद्याकडे न्यावे, आणि नेतानाही पाणी व वारा चालू ठेवावा.