साडेसहाशे शब्दांची खोली

गेल्या श्रावणातली गोष्ट. बाहेर पाऊस कोसळत होता आणि मी पेपरांचा गठ्ठा तपासायला काढला होता. एवढ्यात शेजारची मुलगी दारात उभी राहिली. हातात चार कागद आणि चेहरा रडवेला.

"काका, यातले तीनशे शब्द काढून द्या ना!"

वाचकहो, मराठीचा प्राध्यापक म्हणजे दोन वाक्यांची दोन पाने करणारा गृहस्थ, अशी आमची ख्याती! शब्द काढून मागणारे गिऱ्हाईक मला प्रथमच भेटले.

मामला अमेरिकेतल्या प्रवेशाचा होता. तिकडची हजाराहून अधिक कॉलेजे 'कॉमन अ‍ॅप्लिकेशन' हा एकच सामायिक अर्ज घेतात. त्यात स्वतःविषयी निबंध लिहायचा. कमीत कमी २५० शब्द, जास्तीत जास्त ६५०. पुढचा शब्द संगणक घेतच नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठ आठ प्रश्न देऊन चारांची उत्तरे मागते, प्रत्येकी ३५० शब्दांच्या आत. विलायतेचा हिशोब तर याहून कडक. तिथे अक्षरे मोजतात. एकंदर ४०००, आणि दोन शब्दांमधली मोकळी जागाही त्यातच! २०२६ च्या प्रवेशांपासून तिथला मजकूर तीन प्रश्नांत विभागला, पण मर्यादा तीच राहिली.

हिच्या निबंधाचा विषय होता तिचे आजोबा, जुने गिरणी कामगार. शब्द ९५०. पहिल्या पानावर मुंबईचा इतिहास, दुसऱ्यावर गिरण्यांचा संप. आजोबा तिसऱ्या पानावर आले.

"एवढं सगळं कशाला गं?"

"त्याशिवाय त्यांना कळणार कसं, काका?"

मला माझी आई आठवली. याच डिलाईल रोडवर (पाटीवर आता ना. म. जोशी मार्ग आहे) बी. डी. डी. चाळीत माझे बालपण गेले. खोली १६० चौरस फुटांची, माणसे सात. दर दिवाळीला आई सारे सामान बाहेर पॅसेजमध्ये काढायची आणि आत नेताना प्रत्येक वस्तूला विचारायची, "हिच्यावाचून अडतं का?" मोडकी खुर्ची बाहेरच राही. आजीची समई मात्र आत येई. ती वर्षातून चारच दिवस लागे. पण तिच्यावाचून ते घर आमचे वाटले नसते.

"शब्द मी काढणार नाही," मी म्हटले. "निबंध तुझा, पेन्सिल तुझी. मी फक्त आईचा प्रश्न विचारतो."

मुंबईचा इतिहास गेला, १४० शब्द. संपाचे ११० शब्द होते, त्यांचे २० झाले: १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि आजोबांना गिरणीने पुन्हा कधी बोलावले नाही. एका थोर पुरुषाचे वचन ३० शब्द अडवून बसले होते. त्यांना कुठे प्रवेश हवा होता? तेही गेले. उरले ६९०.

आता तिने आपणहून एका परिच्छेदावर पेन्सिल ठेवली. गिरणी बंद होऊन इतकी वर्षे झाली, तरी आजोबा पहिल्या पाळीच्या भोंग्याच्या वेळेला उठतात आणि नातीच्या अभ्यासासाठी चहा टाकतात.

"हे अगदीच घरगुती आहे, काका."

"अगं, हीच तुझी समई!"

आमचे चांगलेच वाजले. अखेर तिने शेवटचा परिच्छेद पुन्हा वाचला. 'यातून मी काय शिकले' याचे ४३ शब्दांचे तात्पर्य. चहाच्या कपात जे दिसत होते, तेच तिथे भाषण करीत होते. तिने ते खोडले. शब्द झाले ६४७.

पालकांनो, मुलांचे निबंध पैसे देऊन दुसऱ्याकडून लिहवून घेऊ नका. परक्या माणसाला खुर्ची कोणती आणि समई कोणती, हे कसे कळावे?

संध्याकाळी तिने निबंध आजोबांना मराठीत सांगितला. ते बराच वेळ गप्प होते.

"माझी वीस वर्षं एवढ्यातच बसली?"

ती कावरीबावरी झाली. तेव्हा तिच्या डोक्यावर हात ठेवून ते म्हणाले, "भोंगा ठेवलास, ते बरं केलंस पोरी."

कॉलेजांची उत्तरे अजून यायची आहेत. एक उत्तर मात्र तिला मिळाले आहे.