पातेल्यांचे जोडे, चमच्यांचं काळीज

मैत्रिणींनो, आज सकाळपासून तुमच्या हातून किती पातेली घासून निघाली, मोजलीत का? पातेलं म्हणजे भात शिजवायचा, घासायचं, पालथं घालायचं! पण पोर्तुगालमध्ये लिस्बनला काम करणाऱ्या जोआना व्हास्कोन्सेलोस या बाईंनी स्टीलच्या पातेल्या-झाकणांचे चक्क उंच टाचांचे सॅंडल केले. एकेक सॅंडल जवळजवळ तीन मीटर उंच! नाव 'मेरिलिन', त्या प्रसिद्ध नटीवरून. बाईनं स्वयंपाकघरातही पहिलं यावं आणि मिरवण्यातही, ही जगाची अपेक्षा त्यात एका नजरेत दिसते.

जोआनाबाई १९७१ साली पॅरिसमध्ये पोर्तुगीज आईवडिलांच्या पोटी जन्मल्या. त्यांचं साहित्य आपल्या रोजच्या ओळखीचं. पोर्तुगालमध्ये व्हियाना गावाकडे सोन्याच्या तारकामाचं बदाम घडवतात. जोआनाबाईंनी तसंच लालभडक बदाम केलं, माणसाच्या दुप्पट उंचीचं. पण सोन्याऐवजी प्लॅस्टिकचे काटे-चमचे! सहलीत वापरून टाकून देतो ना, तसलेच. चिनी मातीच्या प्राण्यांना तर त्या क्रोशाच्या जाळीचे अंगरखे घालतात.

त्यांचं एक झुंबर आहे, 'नवरी'. दुरून पांढरंशुभ्र, लग्नघरात शोभेलसं. जवळ जाऊन पाहावं तर पाळीच्या दिवसांत वापरायच्या कापसाच्या बोळ्यांचं! २००५ साली व्हेनिसच्या मोठ्या कलाप्रदर्शनात ते गाजलं.

मग २०१२ साली फ्रान्सच्या व्हर्सायच्या राजवाड्यात त्यांचं प्रदर्शन भरलं. तिथल्या या प्रदर्शनांत हा मान मिळालेली ही पहिली स्त्री. पातेल्यांचे सॅंडल थेट आरसेमहालात मांडले गेले. 'नवरी'ला मात्र परवानगी मिळाली नाही. म्हणजे बाईची पातेली चालली, बाईची पाळी नाही चालली! पाळीच्या दिवसांत हाताचं काम सुटत नाही आणि देवघरात मात्र पाऊल चालत नाही, हे आपल्याला काही नवं आहे का?

म्हणून एक सुचवते. तुमच्या ट्रंकेच्या तळाशी आजीनं किंवा सासूबाईंनी विणलेला क्रोशाचा रुमाल असेल. तो काढा, कोमट साबणाच्या पाण्यात हलक्या हातानं धुवा, सावलीत वाळवा. चित्रकार चित्राच्या कोपऱ्यात सही करतो. आपल्या बायका विणून मोकळ्या झाल्या, सही राहूनच गेली. रुमालाच्या मागच्या कोपऱ्यात बारीक टाक्यांनी ती तुम्ही घाला. तिचं नाव, आणि ठाऊक असेल तर सालसुद्धा.