गळाची खोली आणि खोल समुद्रातील मासेमारीचे अर्थकारण

भारताला लाभलेल्या अनन्य आर्थिक क्षेत्राचा विस्तार सुमारे 20 लाख चौरस किलोमीटर आहे. 1976 च्या कायद्यान्वये किनाऱ्यापासून 200 सागरी मैलांपर्यंतच्या या जलक्षेत्रातील साधनसंपत्तीवर आपला हक्क प्रस्थापित झाला. तथापि, आपली बहुतांश मासेमारी आजही किनाऱ्यालगतच्या चिंचोळ्या पट्ट्यातच एकवटलेली आहे. या पट्ट्यात नौकांची दाटी झाली असून प्रत्येक नौकेच्या वाट्याला येणारी मासळी घटत आहे. साहजिकच, मच्छीमारांनी खोल समुद्राकडे वळावे, हे गेल्या अनेक वर्षांचे धोरण राहिले आहे. परंतु खोल समुद्रात जाणे म्हणजे केवळ किनाऱ्यापासून दूर जाणे नव्हे. तेथे मासळी पाण्याच्या कोणत्या थरात आहे आणि आपला गळ नेमका त्या थरात पोहोचतो की नाही, यावर फेरीचा नफा-तोटा अवलंबून असतो. वरवर तांत्रिक वाटणारा हा प्रश्न मत्स्यव्यवसायाच्या अर्थकारणाशी कसा निगडित आहे, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

ट्रॉलिंग आणि ट्रोलिंग

प्रारंभीच एक गल्लत दूर करणे आवश्यक आहे. ‘ट्रॉलिंग’ म्हणजे पिशवीच्या आकाराचे मोठे जाळे, बहुधा समुद्रतळावरून, ओढत नेणे. कोळंबीसाठी आपल्याकडे याच पद्धतीचा प्रसार झाला. ‘ट्रोलिंग’ म्हणजे चालत्या नौकेमागे आमिष लावलेले गळ दोराने ओढत नेणे. पहिल्या पद्धतीत तळावरील लहानमोठे सर्वच जीव जाळ्यात सापडतात, तर दुसरीत एका गळाला एकच मासा लागतो. सुरमई, कुपा यांसारखे वेगाने पोहणारे शिकारी मासे हे ट्रोलिंगचे लक्ष्य होय. लक्षद्वीपमध्ये जिवंत आमिष फेकून काठी-दोरीने कुपा पकडण्याची परंपरा प्रमुख असली, तरी तेथेही ट्रोलिंगचा वापर होतो. ट्रोलिंगमध्ये भांडवल अल्प लागते आणि मासा जिवंत अवस्थेत तत्काळ नौकेवर येत असल्याने त्याचा दर्जाही उत्तम राहतो. या पद्धतीची मर्यादा मात्र एकच आणि ती म्हणजे खोली.

खोली कशी ठरते?

आपले कोळी बांधव पाण्याची खोली ‘वाव’ या मापाने सांगतात. एक वाव म्हणजे पसरलेल्या दोन हातांमधील अंतर, सुमारे सहा फूट. दहा वाव दोर सोडला म्हणजे गळ दहा वाव खोल गेला, असे स्थिर नौकेबाबत म्हणता येईल. नौका चालू लागताच पाण्याच्या रोधामुळे दोर मागे रेलतो आणि गळ वर येतो. दोर सरळ आहे असे मानल्यास आणि तो पृष्ठभागाशी 30 अंशांचा कोन करीत असल्यास गळाची खोली सोडलेल्या दोराच्या निम्मी भरते. म्हणजेच 40 मीटर दोर सोडूनही गळ 20 मीटरवरच राहतो. प्रत्यक्षात दोर पृष्ठभागाजवळ अधिक आडवा आणि खाली अधिक उभा असल्याने हा हिशेब अंदाजापुरताच धरावयाचा असतो.

हा कोन दोन बलांच्या स्पर्धेतून ठरतो. शिशाचे वजन गळाला खाली खेचते, तर पाण्याचा रोध मागे खेचतो. वजन कायम राहते. परंतु रोध हा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. नौकेचा वेग 4 नॉटवरून 6 नॉट केला, तर वेग दीडपट होतो, रोध मात्र सव्वादोनपट होतो. म्हणूनच मंद गतीला शिसे पुरेसे ठरते, पण कुपा पकडण्यासाठी लागणाऱ्या वेगाला तेच शिसे निष्प्रभ होते. अधिक वजन लावावे, तर दोर जाड लागतो आणि जाड दोराचा रोधही अधिक असतो.

या पेचातून दोन मार्ग निघाले. पहिल्या मार्गात गळाचा दोर एका वेगळ्या पोलादी तारेला टांगलेल्या जड शिशाच्या गोळ्याला चिमट्याने अडकवितात. मासा लागताच चिमटा सुटतो आणि मासा फक्त हलक्या दोरावर राहतो. या साधनाला ‘डाऊनरिगर’ म्हणतात. अमेरिकेतील मिशिगन सरोवरात 1966 मध्ये कोहो जातीचे सॅमन मासे सोडण्यात आले. उन्हाळ्यात हे मासे खालच्या थंड थरात उतरत असल्याने गळ ठरावीक खोलीवर धरून ठेवणे तेथे गरजेचे झाले आणि हे साधन त्या सरोवरांत विशेष लोकप्रिय ठरले.

दुसरा मार्ग तिरप्या फळीचा होय. पतंग ज्याप्रमाणे वाऱ्यामुळे वर चढतो, त्याप्रमाणे पाण्यात उलट्या तिरकसपणे बांधलेली फळी प्रवाहामुळे खाली दाबली जाते. यातील मर्म असे की, फळीला खाली दाबणारे बलसुद्धा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणातच वाढते. परिणामी वेग बदलला तरी दोराचा कोन फारसा बदलत नाही. अल्प खर्चाची लाकडी वा धातूची फळी अशा प्रकारे वेगवान ट्रोलिंगमध्ये जड शिशापेक्षा सरस ठरते. योग्य तंत्रज्ञान हे नेहमीच महागडे असते असे नाही, याचे हे बोलके उदाहरण म्हणता येईल.

मासा कोणत्या थरात?

साधन ठरले तरी नेमकी खोली किती ठेवावी, हा प्रश्न उरतोच. समुद्राचा वरचा थर वारा व लाटांमुळे ढवळला जातो आणि त्याचे तापमान जवळजवळ एकसारखे असते. त्याखाली तापमान झपाट्याने उतरणारा थर असतो. त्यास ‘थर्मोक्लाईन’ म्हणतात. पिवळ्या पराचा कुपा आपला बहुतेक वेळ या थराच्या वर वा त्याच्या आसपास घालवितो. मोठ्या डोळ्यांचा कुपा मात्र दिवसा कित्येक शे मीटर खाली उतरतो आणि रात्री भक्ष्यामागोमाग वर येतो.

अरबी समुद्राचे याबाबतीत एक वैशिष्ट्य आहे. येथे साधारणपणे 100 ते 150 मीटरपासून 1000 मीटरपर्यंत प्राणवायूचे प्रमाण अत्यंत कमी असलेला विस्तीर्ण थर आढळतो. कुप्यासारख्या सतत पोहणाऱ्या माशाला प्राणवायू भरपूर लागत असल्याने त्याचा वावर वरच्या थरात दाबला जातो. सबब, प्रशांत महासागरात यशस्वी ठरलेली खोली येथे जशीच्या तशी उपयोगी पडेलच, असे नाही.

लांबदोराचे गणित

ट्रोलिंगचा गळ जेथे पोहोचू शकत नाही, तेथे लांबदोर म्हणजेच लाँगलाइन पद्धत वापरतात. तरंगत्या बोयांना कित्येक किलोमीटर लांबीचा मुख्य दोर टांगलेला असतो आणि त्याला ठरावीक अंतरावर गळाच्या शाखा जोडलेल्या असतात. दोन बोयांमधील मुख्य दोर झोळीसारखा खाली लोंबतो. त्यामुळे मधला गळ सर्वांत खोल, तर बोयांजवळचे गळ उथळ राहतात.

एक उदाहरण घेऊ. बोयाचा दोर 20 मीटर, गळाची शाखा 20 मीटर आणि दोन बोयांमधील मुख्य दोर 600 मीटर आहे, असे समजा. बोया 570 मीटर अंतरावर ठेवल्यास मुख्य दोराचा झोळ सुमारे 80 मीटर पडतो आणि मधला गळ 120 मीटरवर जातो. तोच दोर ठेवून बोया 480 मीटरवर आणल्यास झोळ सुमारे 160 मीटर होतो आणि मधला गळ 200 मीटरवर पोहोचतो. दोर तोच, गळ तेवढेच; केवळ दोर सोडण्याच्या पद्धतीत बदल करून 80 मीटरचा फरक पडला. मात्र यासाठी नौकेच्या वेगाच्या सव्वापट वेगाने दोर सोडावा लागतो आणि हे काम हाताने होत नाही. त्यास यंत्र लागते. शिवाय खोलीनुसार प्रवाहाची दिशा बदलत असल्यास दोर वर उचलला जातो. म्हणून दोरावर खोलीमापक नोंदयंत्रे बसवून प्रत्यक्ष खोली पडताळून पाहणे श्रेयस्कर ठरते.

उत्पादकता, दर्जा आणि पर्यावरण

अर्थशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर डिझेल, मजुरी, बर्फ आणि आमिष यांवरील खर्च नौकेने बंदर सोडताच बव्हंशी निश्चित होतो. गळ चुकीच्या थरात राहिला तरी हा खर्च टळत नाही. म्हणजेच खोलीचे नियंत्रण ही उत्पादन घटकांच्या उत्पादकतेत वाढ करणारी बाब आहे. कुप्याचे मोल त्याच्या दर्जावर ठरते. धडपड करून दमलेल्या माशाच्या शरीराचे तापमान वाढून मांस निकृष्ट होते. मासा त्वरित काढून, रक्त वाहू देऊन, बर्फाच्या पाण्यात ठेवल्यास कच्च्या स्वरूपात खाल्ल्या जाणाऱ्या मासळीच्या बाजारात त्याला कितीतरी अधिक भाव मिळतो.

दुसरा मुद्दा पर्यावरणाचा. सागरी कासवे मुख्यत्वे वरच्या थरात वावरतात आणि आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्यांना संरक्षण दिलेले आहे. बोयांजवळचे उथळ गळ वगळून उरलेले गळ 100 मीटरखाली ठेवल्यास कासवे गळाला लागण्याचे प्रमाण घटते. मात्र खोल गळामुळे मोठ्या डोळ्यांच्या कुप्यावरील ताण वाढू शकतो. एक प्रश्न सोडविताना दुसरा निर्माण होणार नाही, याची दक्षता घ्यावी लागते. हिंद महासागरातील कुप्याच्या साठ्यांवर 1996 मध्ये स्थापन झालेला हिंद महासागर कुपा आयोग देखरेख ठेवतो. पिवळ्या पराच्या कुप्याची अतिमासेमारी होत असल्याचा निष्कर्ष 2015 मध्ये निघाल्यावर आयोगाने 2016 मध्ये साठा पूर्ववत करण्याची योजना स्वीकारली. 2024 च्या मूल्यमापनात या साठ्याचे चित्र सुधारलेले दिसले. तेव्हा खोल समुद्रातील संपत्तीदेखील अमर्याद नाही, हे विसरून चालणार नाही.

पाल्कच्या उपसागराचा धडा

तंत्र बदलण्याचा प्रश्न उपजीविकेशी कसा भिडतो, हे तमिळनाडूच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. पाल्कच्या उथळ उपसागरात तळाशी ट्रॉल ओढणाऱ्या भारतीय नौका आणि श्रीलंकेतील लहान मच्छीमार यांच्यातील संघर्ष जुना आहे. श्रीलंकेने 2017 मध्ये तळट्रॉलिंगवर कायद्याने बंदी घातली. त्याच वर्षी नीलक्रांती योजनेअंतर्गत पाल्कमधील 2,000 ट्रॉल नौकांच्या जागी खोल समुद्रातील कुपा लाँगलाइन नौका आणण्याचा 1,600 कोटी रुपयांचा कार्यक्रम आखण्यात आला. प्रत्येक नौकेची किंमत 80 लाख रुपये धरण्यात आली होती. त्यापैकी 50 टक्के वाटा केंद्राचा, 20 टक्के राज्याचा, 10 टक्के लाभार्थीचा आणि उर्वरित 20 टक्के संस्थात्मक कर्जाचा होता. म्हणजे मच्छीमाराला 8 लाख रुपये स्वतः उभारून 16 लाख रुपयांचे कर्ज डोक्यावर घ्यावयाचे होते.

उद्दिष्टाच्या तुलनेत प्रत्यक्षात उतरलेल्या नौका फारच थोड्या ठरल्या. एका रात्रीत परतणाऱ्या मच्छीमाराने अनेक दिवस, अनेक आठवडे समुद्रात राहावयाचे. कोळंबीऐवजी कुप्याचा माग काढावयाचा. दोराची खोली साधावयाची आणि दर्जा राखून बाजार गाठावयाचा, हा बदल केवळ नौकेच्या अनुदानाने घडून येत नाही. याच राज्यातील कन्याकुमारी जिल्ह्यातल्या थुथूर परिसरातील मच्छीमार मात्र दीर्घकाळापासून खोल समुद्रात गळाने मासेमारी करीत आले आहेत. त्यांचे कौशल्य अनुभवातून आले आहे. 2017 च्या ओखी चक्रीवादळात याच भागाने मोठी जीवितहानी सोसली, हे लक्षात घेतल्यास दळणवळण व हवामानाच्या पूर्वसूचनेविना खोल समुद्राचे धोरण अपुरे राहते, हेही ध्यानात येते.

शासनाची भूमिका

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार मत्स्यव्यवसाय हा राज्यसूचीतील विषय आहे. परंतु प्रादेशिक जलक्षेत्रापलीकडील मासेमारी केंद्रसूचीत येते. खोल समुद्राची जबाबदारी त्यामुळे प्रामुख्याने केंद्राकडे जाते. नोव्हेंबर 2025 मध्ये केंद्राने अनन्य आर्थिक क्षेत्रातील मासेमारीसाठी स्वतंत्र नियम अधिसूचित केले असून त्यांत मच्छीमार सहकारी संस्था आणि मत्स्य उत्पादक संघटनांना प्राधान्य देण्यात आले आहे.

तथापि, शासनाचे सर्वांत मोलाचे योगदान माहितीच्या रूपाने होऊ शकते. थर्मोक्लाईन कोठे आहे, ही माहिती एका मच्छीमाराने वापरली म्हणून दुसऱ्यासाठी कमी होत नाही. ही खरी सार्वजनिक वस्तू होय आणि ती मिळविण्याचा खर्च कोणताही एक नौकामालक करणार नाही. हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र उपग्रहांच्या आधारे संभाव्य मत्स्यक्षेत्रांची सूचना देते. मुंबईस्थित भारतीय मत्स्य सर्वेक्षण संस्थेकडे लाँगलाइन सर्वेक्षणाचा दीर्घ अनुभव आहे. उपग्रह मात्र पृष्ठभागच पाहू शकतो; पाण्याखालचे तापमान आर्गो तरंडांसारख्या साधनांनीच कळते. ‘कोठे जावे’ या सूचनेला ‘किती खोल जावे’ या सूचनेची जोड मिळाली, तर तिचे मोल अनेक पटींनी वाढेल.

समारोप

खोल समुद्रातील मासेमारीची चर्चा आपल्याकडे बहुधा नौकांची संख्या, अनुदानाची टक्केवारी आणि बंदरांची क्षमता या भोवती फिरते. या बाबी आवश्यक आहेत, परंतु पुरेशा नाहीत. लाखो रुपयांच्या नौकेचे यश अखेरीस पाण्याखालच्या काही मीटरच्या अंतरावर ठरते. हे अंतर साधण्यासाठी स्वस्त व सुयोग्य साधने, प्रत्यक्ष समुद्रावरील प्रशिक्षण, थरनिहाय माहिती आणि साठ्याची मर्यादा ओळखणारे नियमन यांची सांगड घालावी लागेल. ती घातली गेली, तर किनाऱ्यावरील ताण हलका होईल आणि कर्ज काढून खोल समुद्रात उतरणाऱ्या मच्छीमाराला आपले कर्ज फेडणेही शक्य होईल.