दलालावाचून परदेशवास

बँकॉकस्थित चिरंजीवांनी “उत्तरायुष्य आमच्याजवळ घालवा” असा आग्रह धरिला, तेव्हां येडशीच्या घरीं आम्ही व्हिसाचा विचार आरंभिला. दलालाची मागणी ऐकून अर्ज स्वहस्तेंच करण्याचें ठरविलें.

थायलंडचा निवृत्तांसाठींचा वर्षाचा व्हिसा पन्नाशी गांठलेल्यास मिळतो. आठ लक्ष बाथची ठेव किंवा दरमहा ६५ हजारांचें उत्पन्न, आरोग्यविमा, पोलिसांचा दाखला, तसेंच कुष्ठ, क्षय, हत्तीपाय इत्यादि रोग नसल्याचें डॉक्टरांचें प्रमाणपत्र, इतकें लागतें. १ जानेवारी २०२५ पासून अर्ज घरबसल्या संगणकावरून करतां येतो.

गाडें अडलें तें मात्र निराळ्याच ठिकाणीं. पत्नीस सोबत न्यावयाचें तर विवाहाचा दाखला हवा. लग्नांत तांदळांत अंगठीनें आम्ही जें नवें नांव मोठ्या हौसेनें लिहिलें, तें पारपत्रावर. शाळेच्या दाखल्यावर माहेरचेंच! जन्मभर हजेरीपट बिनचूक लिहिणाऱ्या मास्तराच्या घरीं ही गत. “मग मी येथेंच राहातें,” असें ती म्हणाली, तें आम्हांस लागलें.

अखेर ग्रामसेवकांकडे विवाहाची नोंद केली, राजपत्रांत नामांतर प्रसिद्ध केलें. मगच दोघांचे अर्ज गेले. दलालास पैसे मोजूनही ही विसंगति मिटली नसती. वाचकहो, परदेशीं जाणें असो वा नसो, घरांतील स्त्रियांच्या कागदपत्रांवरील नांवें आजच पडताळून पाहा.